एक पिशवी, दोन पिशव्या

१

विजयमंगल हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमधून एका सकाळी ढीगभर पेशंटची माहिती गायब झाली होती, आणि हॉस्पिटलचे मालक डॉक्टर विजयसिंह निवांत चहा पीत बसले होते. बशीत ओतून, फुंकर मारून. मला ते तिथेच खटकलं.

"हॅकरचं काम आहे मॅडम," ते म्हणाले. "रशियातला असेल, नाहीतर चीनचा. आपल्या बीडपर्यंत हात पोचले बघा त्यांचे."

आवाजात चक्क अभिमान होता. रशियातल्या कुणीतरी आपल्या हॉस्पिटलची दखल घेतली म्हणून माणूस मनातून सुखावला होता.

माझं नाव तरन्नुम. डेटाबेस सर्व्हर, म्हणजे ज्या प्रोग्रॅमच्या पोटात दवाखान्यांची, बँकांची, शाळांची सगळी माहिती राहते, त्यातली भोकं शोधायची आणि बुजवायची हा माझा धंदा. माहेर बीडचंच, बशीरगंजातलं. म्हणून इथले लोक मला हक्काने बोलावतात आणि आलीच आहेस तर प्रिंटरही बघ म्हणतात. डॉक्टरांना मात्र माझी अक्कल नको होती, सही हवी होती. पुण्याहून आणलेल्या शहादेव नावाच्या सायबर तज्ज्ञाने अहवाल लिहून तयार ठेवला होता. सर्व्हर जुना, त्यात जगजाहीर भोक, भोकातून हॅकर आत आला आणि माहिती पुसून गेला. भोक न बुजवणारा कर्मचारी मतीन दोषी. चौकशी समितीला बाहेरच्या आणखी एका माणसाची सही लागत होती, आणि मी स्वस्तात मिळेन असा त्यांचा अंदाज होता.

चौकशी कशाची ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. शिरूर कासारची रोहिणी, ऊसतोडीला जाणारी, पंचविशीतली पोरगी. पोटात दुखतं म्हणून या हॉस्पिटलात आली आणि गर्भाशय काढून घरी गेली. काही कारण नसताना काढलं, अशी तिने तक्रार केली होती. तिचे कागद कारखान्यावर कोपीला, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीला, आग लागली तेव्हा जळाले. डॉक्टर म्हणत होते, ही बाई आमच्याकडे कधी आलीच नाही. कॉम्प्युटरमध्ये नोंद निघाली तर ती खरी. नाही निघाली तर सगळ्या तालुक्यासमोर खोटारडी. आणि मी सही केली की मतीन तुरुंगात.

"या बायकांचं असंच असतं," डॉक्टर बशी खाली ठेवत म्हणाले. "स्वतःच येतात, म्हणतात डॉक्टर, पिशवी काढून टाका. मग कुणीतरी कान भरतं. तुम्ही तर इथल्याच, तुम्हाला काय सांगायचं."

"मी आधी सर्व्हर बघते," मी म्हटलं.

"अहो, अहवाल तयार आहे ना! दुपारी समिती येईल. कशाला त्रास घेता?"

मी त्रास घ्यायला उठले, तेवढ्यात बाहेर काउंटरवरून कुणीतरी ओरडलं, "मी मेलोय का जित्ता हाय, तेवढं सांगा!"

२

ओरडणारा आश्रुबा होता. चौसाळ्याचा म्हातारा, अंगापेक्षा आवाज मोठा. मागच्या हिवाळ्यात इथेच त्याचं ऑपरेशन झालं होतं, आता पुन्हा पोट दुखतं म्हणून आला, तर काउंटरवरची मुलगी म्हणते या नावाचा पेशंट नाही.

"कावून न्हाई म्हंतो ह्यो डबा?" त्याने सदरा वर करून मला टाके दाखवले. "माझं प्वाट काय मी घरी फाडून घेतलं?"

त्याच्याकडे घरी सोडताना दिलेलं कार्ड होतं, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. हॉस्पिटलच्याच कॉम्प्युटरमधून छापलेलं. त्यावर लिहिलं होतं, 'पित्ताची पिशवी काढली. बाहेरचे सर्जन.'

मी विचारात पडले. रशियातला एक माणूस रात्रंदिवस खपून जगाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या सर्व्हरमध्ये घुसतो आणि चौसाळ्याच्या आश्रुबाला पुसून जातो. आश्रुबाने त्याचं काय घोडं मारलं होतं?

"आमचं बी तेच हाय ताई," बाकावरून एक जण म्हणाला. तो सिदू, शेजारी त्याचा भाऊ सत्यम. नारायणगडच्या जत्रेहून येताना दोघं एकाच मोटारसायकलवरून पडले होते. एकाच दिवशी भरती, शेजारशेजारच्या खाटा.

"एकाच गाडीवरून पडलतो आमी," सिदू म्हणाला. "ह्येचं नाव निघालं, माझं न्हाई. ही काय भानगड हाय?"

"तू नीट पडला नसशील बे," सत्यम म्हणाला.

मी दोघांची कार्डं मागून घेतली. सगळं सारखं. तारीख तीच, वॉर्ड तोच, डॉक्टर तोच. सिदूच्या कार्डावर होतं, 'रक्ताची एक पिशवी दिली.' सत्यमला जास्त लागलं होतं. त्याच्या कार्डावर, 'रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या.'

मी ती दोन कार्डं आणि आश्रुबाचं तिसरं अशी शेजारी शेजारी धरली, आणि मला हसू आलं. सिदूला राग आला. त्याला वाटलं मी त्याच्या पडण्याला हसते. पण हॅकरने काय शोधून पुसलं ते मला समजलं होतं. हा हॅकर रशियातला नव्हता, हेही समजलं होतं. तो कोण, ते मात्र अजून बाकी होतं.

३

शहादेव एसीच्या खोलीत बसला होता. बीडच्या उन्हात टाय लावणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

"हे भोक तुम्ही तपासलंत?" मी विचारलं.

"ऑफकोर्स. व्हर्जन नंबर बघा ना. या नंबरच्या सगळ्या सर्व्हरमध्ये हे भोक आहे. पासवर्डशिवाय कुणीही आत येतो. इंटरनेटवर यादी आहे."

"नंबर तपासलात. भोक तपासलंत का?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी त्याला विहिरीत उतरून पाणी किती खोल आहे ते मोजायला सांगितलं. मी लॅपटॉप उघडला आणि त्या भोकातून आत जायची जी युक्ती सगळ्या जगाला माहीत आहे ती त्याच्यासमोर करून बघितली. सर्व्हरने हाकलून दिलं. पुन्हा केली. पुन्हा हाकललं.

"पण नंबर तर जुनाच आहे," तो म्हणाला.

हे असे तज्ज्ञ. दारावरची पाटी वाचतात आणि कुलपाविषयी अहवाल लिहितात. सर्व्हरची दुरुस्ती दोन प्रकारे होते. एक, सगळा प्रोग्रॅम नवा बसवायचा, मग नंबर बदलतो. दुसरा, चालू प्रोग्रॅममध्ये फक्त भोकापुरतं ठिगळ लावायचं. तेव्हा भोक बंद होतं, पण नंबर जुनाच दिसत राहतो. ही गोष्ट या धंद्यातल्या नवशिक्याला पहिल्या महिन्यात कळते. शहादेवला ती टाय विकत घेतल्यावरही कळली नव्हती.

ठिगळ कुणी लावलं ते विचारायला मी मतीनकडे गेले. तो सर्व्हरच्या खोलीत, मोडक्या सलाइनच्या स्टँडांच्या मधोमध, तोंड पाडून बसला होता. दाराशी एक हवालदार बिडी ओढत होता.

"भोक बुजवलंयस ना तू?"

"कवाच, आपा. माहिती पुसली त्येच्या लई आधी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला इचारलं कुणी?"

मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. हा मुलगा काम नीट करतो आणि ते कुणाला कळू नये याचीही तितकीच काळजी घेतो. शिवाय त्याने दुसरे दिवे लावले होतेच. कोण काय बदलतं त्याची नोंद सर्व्हर आपोआप ठेवतो. डिस्क भरली म्हणून याने ती नोंदच बंद करून टाकली होती. पुसलेली माहिती परत आणायला जादा प्रत असावी लागते. ती ठेवायच्या डिस्कवर डॉक्टरांच्या चिरंजीवांच्या लग्नाचं शूटिंग होतं.

"साहेब म्हणले जागा कर," मतीन म्हणाला. "केली."

"आणि पासवर्ड?"

काउंटरमागच्या कॅलेंडरवर पेनाने लिहिलेला पासवर्ड मी येतानाच वाचला होता. हॉस्पिटलचं नाव आणि पुढे एक दोन तीन. डॉक्टरांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्याच एका पासवर्डने आत जात होते. म्हणजे भोक बंद होतं आणि दार सताड उघडं होतं. पुसणारा बाहेरून आलाच नव्हता. तो याच इमारतीत होता, आणि बहुतेक अजूनही होता.

४

मी ठरवलं की सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा. अगदी एकाच शब्दांत. मतीन समोरच होता.

"मतीन, पिशवीच्या पेशंटची माहिती काढायची असेल तर कशी काढशील?"

"पिशवीबिशवी मला न्हाई कळत आपा. ऑपरेशनचा कोड सांगा. प्रत्येक ऑपरेशनला कोड हाय, मीच टाकलेत. कोड मारला की सगळी ल्हाईन येती, एक पण इकडं न्हाई तिकडं न्हाई."

त्यानंतर प्रियदर्शनी सिस्टर. वॉर्डातल्या नोंदी आता तीच टाइप करत होती. मला बघून ती उभी राहिली आणि उभीच राहिली. नोकरी जाण्याची भीती तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"सिस्टर, पिशवीच्या पेशंटची माहिती हवी आहे."

"कंच्या पिशवीच्या?" तिने लगेच विचारलं. "पित्ताच्या, लघवीच्या, रक्ताच्या, का बायकांच्या? आमच्याकडं लई पिशव्या हायत ताई. नुसतं पिशवी म्हणलं तर सगळा वॉर्ड यील."

"या नोंदी कायम तुम्हीच टाकता?"

"मी वर्सभर. माझ्या आधी छबुबाई सिस्टर व्हती, आता घरी बसली. तिची टायपिंग म्हंजी..." ती हसायला लागली आणि घाबरून थांबली. "ती जसं बोलायची तसंच लिहायची. आमी हसायचो."

छबुबाई कशी बोलायची ते मी विचारलं नाही. शिरूरकडच्या बायका कशा बोलतात ते मला माहीत आहे.

शेवटी डॉक्टर. त्यांचा दुसरा चहा चालू होता.

"डॉक्टर, पिशवीच्या पेशंटची माहिती हवी होती."

"एकाही बाईचं गर्भाशय मी कारणाशिवाय काढलेलं नाही!" कप खाडकन बशीत आपटला. "कुणी सांगितलं तुम्हाला? रोहिणी भेटली का? आणि हॅकरने सगळं पुसून नेल्यावर मी कुठून देऊ माहिती?"

मी त्यांचे आभार मानले. मनापासून मानले. मग काउंटरवर जाऊन कॅलेंडरवरच्या पासवर्डने आत शिरले आणि शोधाच्या चौकटीत एक शब्द टाइप केला, छबुबाईसारखा. स्क्रीन भरून गेली. मी यादी खाली खाली सरकवत शिरूर कासारपाशी आले आणि माझा हात थांबला.

५

समितीच्या अध्यक्षबाई निवृत्त सरकारी डॉक्टर होत्या. पांढरे केस, कोरडा चेहरा. त्यांच्यासमोर डॉक्टर विजयसिंह, शहादेव, प्रियदर्शनी आणि मतीन अशी मंडळी बसली. मतीनचा हवालदार दारात.

"सही झाली का?" डॉक्टरांनी विचारलं.

"होणार नाही," मी म्हटलं. "बाहेरून कुणी आलेलं नाही. यांनी सांगितलेलं भोक मतीनने आधीच बुजवलं होतं. शहादेवसाहेबांनी नंबर वाचला आणि बाकीचं मनाने रचलं."

शहादेव टाय सैल करायला लागला. मी पुढे सांगितलं.

"पुसणाऱ्याने शोधाच्या चौकटीत एक शब्द टाकला, पिशवी. जी नावं आली ती सगळी निवडली आणि पुसली. त्याला गर्भाशय काढलेल्या बायका पुसायच्या होत्या. पण आश्रुबाची पित्ताची पिशवी होती, म्हणून आश्रुबा गेला. सिदूला रक्ताची एक पिशवी दिली होती, सिदू गेला. त्याच्या भावाला दोन पिशव्या दिल्या, तो राहिला. कारण पिशव्या या शब्दात पिशवी ही अक्षरं जशीच्या तशी येत नाहीत, आणि मशीनला एकवचन अनेकवचन कळत नाही. रशियातल्या हॅकरला मराठीच येत नाही, तर असं चुकायला कुठून येणार?"

अध्यक्षबाईंच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "मग कोण?"

"मतीनने पुसलं असतं तर कोडने पुसलं असतं. एकही पुरुष गेला नसता आणि एकही बाई राहिली नसती. प्रियदर्शनी रोज या नोंदी वाचते. पिशवी म्हटलं की ती आधी विचारते, कोणती? ती असं कधीच पुसणार नाही. हे काम अशा माणसाचं आहे ज्याच्या लेखी पिशवी एकच असते. ज्याने आयुष्यात तीच एक काढली, आणि स्वतःच्या वॉर्डातली एकही नोंद कधी वाचली नाही."

कुणी कुणाकडे बघायची गरज नव्हती, तरी सगळ्यांनी डॉक्टरांकडे बघितलं.

"छान!" डॉक्टर टाळ्या वाजवत म्हणाले. "व्याकरणाचा तास झाला. याला पुरावा म्हणतात? माझ्या वकिलासमोर हे बोलून दाखवा. आणि त्या बायका? त्यांच्या नोंदी कुठायत? गेल्या ना! जे नाही त्याची चौकशी कशी करणार तुम्ही?"

"काही गेल्या," मी म्हटलं. "काही आहेत."

लॅपटॉप मी अध्यक्षबाईंकडे फिरवला. चौकटीत शब्द होता, पिसवी. खाली बायकांची नावं, गावं, वयं. शिरूर, पाटोदा, चौसाळा. वयाच्या रकान्यात चोवीस होतं, सव्वीस होतं, एका ठिकाणी तर बावीस. छबुबाई सिस्टर होती तोवरची सगळी ऑपरेशनं तिने लिहिली होती, आणि ती तोंडाने जे म्हणायची तेच बोटांनी लिहायची. तिच्या तोंडी श कधी आलाच नव्हता.

डॉक्टर खुर्चीतून उठले. यादी वाचता वाचता त्यांची मान लाल झाली, आणि ते वळले ते माझ्याकडे नाही, प्रियदर्शनीकडे.

"ती म्हातारी असं लिहायची? पिसवी? मग मला आधी का नाही सांगितलंस?"

प्रियदर्शनीच्या तोंडाचा आ तसाच राहिला. दारातल्या हवालदाराने बिडी विझवली आणि मतीनला ओलांडून तो डॉक्टरांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. डॉक्टरांना आपण काय बोललो ते सगळ्यांच्या नंतर कळलं. एवढं शिकलेला माणूस, पण चोरी करतानाही नोकराने तयारी करून ठेवावी अशी अपेक्षा.

अध्यक्षबाईंनी ते वाक्य शब्दशः लिहून घेतलं. मग चष्मा काढून विचारलं, "रोहिणी आहे का यात?"

६

रोहिणी बाहेर व्हरांड्यात जमिनीवर बसली होती. बाक रिकामं होतं, पण या इमारतीत बाकावर बसायचं तिने सोडलं असावं. मी तिच्याशेजारी टेकले.

"सापडली तुझी नोंद. तारीख आहे, तुझं नाव आहे, नवऱ्याने अंगठा दिलेल्या कागदाचा फोटो आहे. आता तुला कुणी खोटी म्हणणार नाही. डॉक्टरांना आत बसवून ठेवलंय."

तिने मान हलवली. आनंद झालेला दिसला नाही. "त्येच्यात आजून काय लिवलंय?"

"बाकीचं समिती बघेल."

"वाचा ना ताई. मला वाचता येत न्हाई म्हणून तर हे सगळं झालं."

मी टाळाटाळ केली. ज्या माणसांना मी सकाळपासून मूर्ख म्हणत होते त्यांच्यासमोर माझी जीभ भराभर चालत होती. इथे चालेना. तिने पुन्हा वाचा म्हटलं, तेव्हा वाचलं. पोटदुखी. पिसवी काढली. खाली प्रयोगशाळेचा अहवाल जोडलेला होता. काढलेला भाग तपासला, गाठ नाही, कॅन्सर नाही, दोष नाही.

"मला म्हणले व्हते सडलीय," ती हळू म्हणाली. "आत्ता न्हाई काढली तर वरीसभरात मरशील म्हणले. माझं एकच लेकरू हाय, म्हणून मी हो म्हणले." मग तिने लॅपटॉपकडे बोट केलं. "मंजी ती चांगली व्हती?"

"हो. चांगली होती."

आतून डॉक्टरांचा वकिलाला फोन लावायचा आवाज येत होता. रोहिणीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मंग त्येंनी ती कुठं टाकली, ताई?"

मी लॅपटॉप मिटला. यादीत तो रकाना नव्हता.